घर आणि यंत्र : आधी जबानी, मग निवाडा

शिवणयंत्र अडले तर आपण त्याला तेल देतो. सायकलचे चाक डगमगू लागले तर ती उलटी करून आरे तपासतो. परंतु घरातील संगणकाने काम चालू असता एकाएकी मान टाकली, तर आपली दृष्टी यंत्राकडे न वळता माणसाकडे वळते. "काल यावर कोण बसले होते?" हा घरातला पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. खेळ खेळणारा नातू, हिशेब ठेवणारी सूनबाई, नाहीतर नुकतीच संगणक शिकू लागलेली आजी, यांपैकी जो उलट बोलणार नाही त्याच्या माथी दोष जातो. मग दुरुस्ती करणारा येतो, "बोर्ड गेला" एवढेच सांगतो, आणि जो दोष थोडक्या पैशांत निघावयाचा त्यापायी घराला नव्या संगणकाचा खर्च पडतो.

हे दोन्ही अन्याय, एक माणसावरचा आणि दुसरा खिशावरचा, टाळता येण्याजोगे आहेत, असे आमचे मत आहे. त्यासाठी यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. न्यायाधीश ज्या क्रमाने काम करतो तो क्रम मात्र पाळावा लागतो : आधी जबानी, मग पुरावा आणि सर्वांत शेवटी निवाडा. हा विषय याच वेळी घेण्यास एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोजच्या दहाव्या आवृत्तीचा नियमित आधार संपला. त्यामुळे अनेक घरांतील जुन्या यंत्रांवर नवी आवृत्ती चढविली गेली, आणि जुनी उपांगे व नवी प्रणाली यांचा संसार पहिल्या दिवसापासून गोडीगुलाबीने चालतोच असे नाही.

प्रथम संगणक "कोसळतो" म्हणजे नेमके काय होते ते पाहू. इतवाऱ्यातील, किंबहुना बुऱ्हाणपुरातील कोणाही वाचकास हे समजाविण्यास यंत्रमागाचे उदाहरण पुरेसे आहे. मागावर बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की काट्यासारखा एक लहानसा भाग तो धागा नसल्याचे ओळखतो आणि माग आपोआप थांबतो. माग थांबला म्हणून विणकर त्याला नावे ठेवीत नाही. तो तसाच चालू राहिला असता तर वीतभर कापड आडव्या धाग्यावाचून पुढे सरकले असते आणि सगळा तागा दागी ठरला असता, हे तो जाणतो. थांबणे हा मागाचा गुण आहे, दोष तुटलेल्या धाग्यात आहे.

संगणकाच्या पडद्यावर एकाएकी येणारा तो निळा फलक नेमके हेच करतो. विंडोजच्या अकराव्या आवृत्तीत २०२५ सालापासून तो निळ्याऐवजी काळा दिसू लागला आहे, पण अर्थ तोच. आपल्या गाभ्यात काहीतरी असे घडले आहे की यापुढे चालत राहिल्यास साठविलेली माहिती बिघडेल, अशी प्रणालीची खात्री पटते आणि ती स्वतःहून थांबते. म्हणून फलक दिसताच चिडून कळा बडविण्यापेक्षा त्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. धागा कोठे तुटला याची ती पहिली सूचना असते.

आता धागा तुटतो कोठे? संशयितांची दोन कुळे आहेत. पहिले कूळ ड्रायव्हरांचे. छपाईयंत्र, पडदा, ध्वनी, बिनतारी जोडणी या प्रत्येक उपांगाची भाषा निराळी असते. संगणकाच्या मूळ प्रणालीला या सगळ्या भाषा येत नाहीत, म्हणून प्रत्येक उपांगाबरोबर एक दुभाषी येतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. हा मजकूररूपी आज्ञावलीचा भाग असतो, डोळ्यांना दिसणारी वस्तू नव्हे. आपण लिहिण्यासाठी वा हिशेबासाठी वापरतो ते कार्यक्रम जणू ओसरीवर बसून काम करतात. त्यांतला एखादा कोसळला तर तेवढाच बंद होतो, घर चालू राहते. पुष्कळशा दुभाष्यांना मात्र थेट तिजोरीच्या खोलीत प्रवेश असतो. तेथे त्यांच्या हातून चूक झाली तर सगळे घर बंद करण्यावाचून गत्यंतर नसते. विंडोज एक्सपीच्या काळात, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका नामांकित संशोधन-लेखात असे नमूद आहे की, त्या प्रणालीच्या नोंदल्या गेलेल्या कोसळण्यांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे होत्या. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, तरी दुभाष्याची जागा तिजोरीपाशीच राहिली.

त्याचा परिणाम किती दूरवर जातो, हे सर्व जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिले. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीचा एक संरक्षक कार्यक्रम मोठमोठ्या कचेऱ्यांतील संगणकांवर बसविलेला असतो, आणि त्याचा एक भाग ड्रायव्हर म्हणून विंडोजच्या गाभ्यात काम करतो. त्या दिवशी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने या कार्यक्रमासाठी माहितीची एक छोटीशी फाइल जगभर धाडली. तिच्या रचनेत एकवीस मूल्ये धरलेली होती, पण प्रत्यक्षात ड्रायव्हरच्या हाती वीसच होती. एकविसावे शोधण्यासाठी त्याने स्मृतीत आपल्या हद्दीपलीकडे हात घातला आणि संगणक थांबला. पुन्हा सुरू केला, पुन्हा थांबला. अठ्ठ्याहत्तर मिनिटांनी फाइल मागे घेण्यात आली, परंतु तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले होते, आणि तरीही ही संख्या विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांच्या एक टक्क्याहून कमी होती. मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी हाताने कारभार चालविला, आणि देशात ठिकठिकाणी प्रवाशांच्या हाती शाईने लिहिलेले प्रवेशपत्र पडले. त्या सकाळी रांगेतल्या किती जणांनी खिडकीपलीकडच्या मुलीला बोल लावला असेल! तिचा अपराध एवढाच की बंद पडलेल्या पडद्यासमोर ती बसलेली होती.

दुसरे कूळ प्रत्यक्ष यंत्रभागांचे, म्हणजे हार्डवेअरचे. हे कूळ संगणकाइतकेच जुने आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच अभियंत्यांनी बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली रीतसर कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. दिव्यासारखी तापणारी अशी एक नलिका दुबळी झाली तरी उत्तर चुकावयाचे. अशा यंत्रांच्या सांभाळासाठी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत 'व्हर्लविंड' या संगणकावर एक युक्ती वापरीत. काम बंद असता नलिकांना मिळणारा विद्युतदाब मुद्दाम कमीजास्त करावयाचा. जी नलिका उद्या दगा देणार ती आजच उघडी पडे, आणि काम चालू होण्यापूर्वी बदलली जाई.

आज नलिका गेल्या. त्यांच्या जागी नखाएवढ्या चकतीवर अब्जावधी सूक्ष्म भाग आले. पण दुबळेपणा गेला नाही. गूगलच्या कोठारांतील हजारो संगणकांच्या पाहणीवर आधारलेला लेख २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार वर्षभरात शंभरातील आठाहून अधिक स्मृतिपट्ट्यांत, म्हणजे रॅमच्या पट्ट्यांत, निदान एक तरी चूक आढळली. त्या मोठ्या यंत्रांत अशा चुका दुरुस्त करण्याची सोय असते; आपल्या घरगुती यंत्रांत ती सहसा नसते. बेल्जियममधील स्खारबेक या गावी १८ मे २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या नावावर शक्य मतांहूनही अधिक मते दिसली. फेरमोजणीत बरोबर ४,०९६ मते जादा निघाली. एकाला बारा वेळा दुप्पट करीत नेले की हीच संख्या येते. संगणकाच्या स्मृतीतील तेराव्या जागेवरील शून्याचा एक झाला, एवढाच त्याचा अर्थ होता. आज्ञावली पुन्हा पुन्हा तपासूनही दोष सापडला नाही, तेव्हा अंतराळातून येणाऱ्या एखाद्या कणाचा तो आघात असावा, असा तर्क तज्ज्ञांनी केला.

तर संशयित हे असे आहेत. आता जबानी घ्यावयाची. यंत्र मुके नसते. फलकावर जे शब्द उमटतात त्यांना 'स्टॉप कोड' म्हणतात. भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असे आले तर पडद्याच्या ड्रायव्हरकडे वा चित्रांच्या कार्डाकडे पाहावे. 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' आले तर बहुधा दुभाष्याने हद्द ओलांडलेली असते, आणि पुष्कळदा त्याच्या फाइलचे नावही खाली दिसते. 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' म्हणजे यंत्रभागानेच स्वतःची तक्रार नोंदविली आहे. 'मेमरी मॅनेजमेंट'मध्ये स्मृतिपट्टीवर संशय जातो, परंतु तो शब्द वाईट ड्रायव्हरमुळेही येऊ शकतो. एका साक्षीदारावर फाशी देऊ नये. आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. ड्रायव्हरचा दोष बहुधा एकच नाव पुन्हा पुन्हा सांगतो, तर बिघडलेली स्मृतिपट्टी दर वेळी नवे नाव सांगते.

छायाचित्र घेण्याआधीच फलक गेला तरी हताश होण्याचे कारण नाही. विंडोजच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' हा शब्द लिहिला की 'रिलायबिलिटी हिस्टरी' नावाचे एक पान उघडते. त्यात दिवसावार नोंदी असतात : कोणत्या दिवशी काय कोसळले, कोणत्या दिवशी काय नवे बसविले. मंगळवारी नवा ड्रायव्हर बसला आणि बुधवारपासून लाल खुणा सुरू झाल्या, तर निम्मे काम झाले. काही वेळा 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते. तिचा अर्थ एवढाच की यंत्र रीतसर बंद न होता गेले. का गेले ते ती सांगत नाही. दुरुस्ती करणाऱ्याने तेवढ्या नोंदीवर "पॉवर सप्लाय बदला" म्हटले तर घाई करू नये.

यंत्राच्या जबानीबरोबर माणसाचीही हवी. संगणकाशेजारी दोरीने बांधलेली एक साधी वही ठेवावी. तारीख, वेळ, त्या वेळी चाललेले काम, पडद्यावर काय आले, खोलीत पंखा चालू होता की नाही, वीज नुकतीच येऊन-जाऊन होती की काय, एवढेच लिहावे. ही रीत नवी नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या संगणकाच्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो चिमट्याने काढून फेकून दिला नाही. तारीख-वेळेसह नोंदवहीच्या पानावर चिकटविला. यंत्रातील दोषाला 'किडा' म्हणण्याची पद्धत त्याआधीपासून होती. खरा किडा मात्र त्या दिवशी कागदोपत्री आला, आणि तो आला वही होती म्हणून.

जबानी झाली की पुरावा गोळा करावयाचा, आणि त्याची युक्ती शिकण्यास बुऱ्हाणपूरकरांनी दूर जाण्याची गरज नाही. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा आपल्या उशाशी आहे. सातपुड्याच्या डोंगरात झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, कोणत्याही उपसण्यावाचून केवळ उताराच्या बळावर, शहराकडे आणलेले आहे. त्या वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर विहिरीसारख्या कुंड्या आहेत; त्यांतून हवा खेळते आणि माणसाला उतरून वाट साफ करता येते. आता समजा, अशा शंभर कुंड्यांच्या वाटेवर शेवटच्या टोकाला पाणी येईनासे झाले. एकामागून एक शंभर कुंड्या उतरणारा दमून जाईल. शहाणा मनुष्य मधली कुंडी पाहील. तेथे पाणी असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. अशा रीतीने सातव्या कुंडीपर्यंत तो नेमक्या जागी पोहोचतो.

संगणकाच्या वाटेवरील मधली कुंडी म्हणजे 'सेफ मोड'. शिफ्टची कळ दाबून ठेवून 'रिस्टार्ट' निवडावे. मग 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' या क्रमाने जावे, तेथे पुन्हा 'रिस्टार्ट' निवडावे, आणि यादी दिसताच ४ ही कळ दाबावी. या अवस्थेत संगणक अगदी आवश्यक तेवढेच दुभाषी बरोबर घेऊन उठतो. तेथे तो तासन्‌तास निर्धोक चालला, तर दोष बहुधा नंतर आलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा वा कार्यक्रमाचा. तेथेही कोसळला, तर यंत्रभागांकडे वळावे. यात एक पथ्य आहे : सेफ मोडमध्ये यंत्रावर ओझे कमी असते, त्यामुळे उष्णतेचा वा चित्रकार्डाचा दोष तेथे झाकून राहू शकतो. म्हणून ही साक्ष वजनदार आहे, एकमेव नव्हे.

कोणत्याही कुळाकडे वळले तरी नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदल वहीत लिहावा. ड्रायव्हर मागे घेतला, रॅमची पट्टी काढली आणि स्टॅबिलायझर बदलला, हे सर्व एकाच संध्याकाळी केले, तर यंत्र सुरू झाले तरी कशाने झाले ते कळणार नाही. तोच दोष चार महिन्यांनी परत येईल तेव्हा आपण पुन्हा अंधारात असू.

आमच्या परिचयातील इतवाऱ्यातल्या एका घराची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. घरचा व्यवसाय कापडाचा. भिंतीपलीकडे माग चालतात. कर भरण्याचे विवरण, मजुरीचे हिशेब, सुताची आवक-जावक, हे सर्व एका मेजावरील संगणकात सूनबाई ठेवीत. वैशाखात तो संगणक दिवसाआड मान टाकू लागला. आजोबांनी निवाडा देऊन टाकला : सुटीत आलेल्या नातवाने खेळ घातले, त्यांतून विषाणू शिरला. मुलाला संगणकाची बंदी झाली. दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र न उघडताच नव्या संगणकाची किंमत सांगितली.

सूनबाईंनी मात्र तीन आठवडे वही लिहिली. अकरा नोंदी झाल्या. त्यांपैकी आठ वेळा कोणताही फलक न येता यंत्र एकदम विझले होते, आणि त्या आठही वेळा दुपारी बारा ते पाच या दरम्यानच्या. उरलेल्या तीन वेळा फलक आला होता. तिन्हींवर नावे निराळी आणि वेळाही निराळ्या, त्यांत एक पहाटेची. वही वाचताच दोन गोष्टी दिसल्या. पहिली, विझणे दुपारच्या उन्हाशी बांधलेले होते. दुसरी, फलकाचे कारण वेगळे असावे. सेफ मोडमध्येही दुपारी यंत्र विझले, तेव्हा नातवाच्या खेळांवरचा संशय पुष्कळसा ओसरला.

वीज तोडून पेटी उघडली. मुख्य प्रक्रियकावर उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये कापसाच्या तंतुधुळीचे जाड अस्तर बसले होते; पंखा फिरे, पण वारा पलीकडे जात नव्हता. प्रक्रियक ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की जळून जाण्याऐवजी स्वतःला बंद करून घेतो. पुन्हा मागाचीच रीत. पंखा बोटाने धरून ठेवून मऊ कुंचल्याने ते अस्तर काढले. त्या दिवसापासून दुपारचे विझणे थांबले. फलक मात्र आठवड्याने पुन्हा आला. मग विंडोजमधील 'मेमरी डायग्नोस्टिक' ही चाचणी रात्रभर चालविली. 'व्हर्लविंड'वाल्यांनी नलिकांना ताण द्यावा त्याच न्यायाने ती स्मृतिपट्टीला ताण देते. चूक सापडली. दोन पट्ट्यांपैकी एकेक काढून चाचणी केली, तेव्हा एक निर्दोष आणि दुसरी सदोष ठरली. तेवढी एक पट्टी बदलली, आणि तोच संगणक आज त्या घराचे हिशेब ठेवीत आहे. पैसा वाचला हे खरेच. पण आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते दुसरेच. आजोबांनी नातवाला बोलावून, सगळ्यांसमक्ष, "दोष तुझा नव्हता" असे सांगितले. सुटी तोवर संपत आली होती.

येथे काही पथ्ये सांगणे अगत्याचे आहे. यंत्र वारंवार कोसळू लागले की दुरुस्तीच्या आधी माहितीची प्रत वेगळ्या चकतीवर काढून घ्यावी. चकतीच आजारी असेल, तिच्यातून टकटक आवाज येत असेल, तर 'चेक डिस्क'सारखी तपासणी लावल्याने ती अधिकच खालावू शकते; प्रत आधी, उपचार मागाहून. सेफ मोडमध्ये जाताना काही संगणक 'बिटलॉकर'ची लांबलचक किल्ली विचारतात. ती मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात असते, ती आधीच कागदावर उतरवून ठेवावी. ड्रायव्हर यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावेत. "आपले सर्व ड्रायव्हर जुने झाले आहेत" अशा भिववणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नये. नवा ड्रायव्हर त्रास देऊ लागला तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये त्या उपांगाच्या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' ही सोय बहुधा असते. तिने जुना दुभाषी परत येतो.

पेटी उघडण्यापूर्वी भिंतीवरील प्लग काढावा, आणि आत हात घालण्याआधी पेटीच्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी. विजेचा पुरवठा करणारी आतली छोटी पेटी, जिला एसएमपीएस म्हणतात, ती मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात जिवावर बेतेल इतका भार शिल्लक राहू शकतो. जुन्या वाड्यांत तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या पिनेला जमिनीशी जोडणारी तारच नसते. असे अर्थिंग जाणत्या वीजतंत्रीकडून तपासून घ्यावे. ते केवळ यंत्रासाठी नव्हे, घरातील मुलांबाळांसाठीही हवे.

इतक्या खटाटोपाची गरज काय, यंत्राचा प्रश्न आहे, माणसाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी ब्रिटनचे उदाहरण देतो. तेथील पोस्ट ऑफिसने १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबप्रणाली गावोगावच्या शाखांत बसविली. ती प्रणाली चुकत होती, नसलेली तूट दाखवीत होती. तो दोष ड्रायव्हरचा किंवा स्मृतिपट्टीचा नव्हता, आज्ञावलीचा होता. पण संशयाची रीत आपल्या घरासारखीच होती. यंत्र बरोबर, म्हणून माणूस चोर. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक शाखाचालक दोषी ठरले, कित्येक तुरुंगात गेले. त्यांत भारतीय वंशाची कुटुंबेही पुष्कळ होती. त्याच १९९९ साली इंग्लंडच्या साक्षीच्या कायद्यात असा बदल झाला होता की, उलट पुरावा येईपर्यंत संगणक नीट चालत होता असेच धरले जावे. हा उलट पुरावा गावातील दुकानदाराने आणावयाचा कोठून? मे २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. तोवर काही जण निर्दोष ठरण्याआधीच वारले होते.

आपल्या घरातील न्यायालय लहान असते. तेथे तुरुंग नसतो, वकील नसतो, अपीलही नसते. म्हणूनच तेथील निवाडा अधिक जपून द्यावयास हवा. सूनबाईंनी हिशेब बिघडविला, असे एकदा बोलले गेले की रॅमची पट्टी बदलल्याने ते शब्द परत येत नाहीत. आणि सत्य शोधण्यास लागते तरी काय? एक वही, एक पेन्सिल, फलकाचे एक छायाचित्र, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा धीर. एवढे करूनही दोष माणसाचाच निघाला तर तसे सांगावे, आणि पुन्हा कसे टाळावे ते शिकवावे; तेव्हा ऐकणाऱ्यासही ते पटेल, कारण पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर असेल.

वाचकांनी या महिन्यात आपल्या संगणकाशेजारी अशी वही बांधावी, एवढीच आमची विनंती आहे. ती कोरी राहिली तर उत्तमच. पुढील अंकी आपण, चकती निकामी होण्यापूर्वीच घरातील छायाचित्रे व कागदपत्रे यांच्या प्रती कशा आणि किती ठिकाणी ठेवाव्यात, याचा विचार करू.